बालन्याय : कायदा शासनाचा, कर्तव्य समाजाचे



महाभारताच्या आदिपर्वात मांडव्य ऋषींची कथा आहे. मौनव्रत धारण करून बसलेल्या या ऋषींच्या आश्रमात चोरांनी चोरीचा माल दडविला. माग काढत आलेल्या राजसेवकांनी ऋषींनाच चोरांचे साथीदार मानले आणि राजाने त्यांना सुळावर चढविले. तपोबलाने ते वाचले. पुढे त्यांनी यमधर्माला गाठून विचारले, की कोणत्या पापाचे हे फळ? लहानपणी तुम्ही किड्यांच्या अंगात काडी टोचली होती, त्याचे हे फळ, असे उत्तर मिळाले. अजाण वयातील एवढ्याशा अपराधाला एवढा मोठा दंड देणाऱ्या यमधर्मालाच ऋषींनी शाप दिला. त्या शापामुळे प्रत्यक्ष यमाला विदुर होऊन मनुष्यजन्म घ्यावा लागला. त्याच वेळी ऋषींनी एक मर्यादा घालून दिली : चौदा वर्षांपर्यंतच्या वयात घडलेले कृत्य पातक ठरणार नाही.

बालकांना वेगळा न्याय ही पश्चिमेकडून उसनी घेतलेली कल्पना आहे, असे ज्यांना वाटते, त्यांनी ही कथा पुन्हा वाचावी. तिच्यात दोन तत्त्वे आहेत. दंड अपराधाच्या प्रमाणात असावा, हे पहिले. आणि अपराध करणाऱ्याचे वय पाहूनच तो ठरावा, हे दुसरे. कथेत आणखी एक सूचना दडलेली आहे, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. न्याय चुकला, तर जाब विचारला जातो तो न्याय देणाऱ्याला. आजच्या विषयाचे सार याच सूचनेत आहे.

डोंगरीचा तुरुंग आणि मुंबईचा कायदा

मुंबईतील डोंगरीचा तुरुंग मराठी माणसाला परिचित आहे. १८८२ मध्ये लोकमान्य टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर यांनी तेथे १०१ दिवसांचा कारावास भोगला आणि आगरकरांनी त्यावर पुस्तक लिहिले. पुढे स्वातंत्र्यवीर सावरकरांनाही अंदमानला पाठविण्यापूर्वी काही काळ तेथे ठेवले होते. याच उमरखाडी-डोंगरीच्या वास्तूत नंतर मुलांचे रिमांड होम सुरू झाले. तुरुंगाचे निरीक्षणगृह झाले, हा बदल पाटी बदलण्याइतका सोपा नव्हता. त्यामागे पाऊणशे वर्षांची खटपट होती.

इंग्रजी अमदानीच्या आरंभी मूल आणि प्रौढ एकाच कोठडीत असत. १८५० च्या कायद्याने गुन्हा केलेल्या मुलांना एखाद्या कारागिराच्या हाताखाली उमेदवारीला लावण्याची सोय झाली. १८५७ मध्ये मुंबईत डेव्हिड ससून यांच्या देणगीतून मुलांसाठी सुधारशाळा उभी राहिली. ही संस्था पुढे माहीमला नावारूपाला आली. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा ठरणार नाही, असे सांगितले. सात ते बारा या वयात मुलाची समज पाहावी, असे म्हटले. १८७६ मध्ये सुधारशाळांचा कायदा झाला आणि १८९७ मध्ये तो नव्याने लिहिला गेला. तरीही मुलांसाठी वेगळे न्यायालय नव्हते, मुलाच्या घरी जाऊन चौकशी करणारा अधिकारी नव्हता आणि अपराधी मूल व निराधार मूल यांचा एकत्रित विचारही झालेला नव्हता.

ही उणीव दूर केली ती प्रांतांनी. १९१९-२० च्या तुरुंगविषयक समितीने मुलांना तुरुंगापासून दूर ठेवण्याची शिफारस केली आणि मद्रासने १९२० मध्ये, बंगालने १९२२ मध्ये व मुंबईने १९२४ मध्ये आपापले कायदे केले. दिल्लीचा एक कायदा येईल म्हणून कोणी वाट पाहिली नाही. मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलाने केलेल्या या कायद्याने मुलांचे न्यायालय, रिमांड होम, प्रमाणित शाळा आणि परिविक्षा अधिकारी अशी साखळी कल्पिली. परिविक्षा अधिकारी म्हणजे मुलाच्या घरची, शाळेची, संगतीची माहिती काढून न्यायालयापुढे ठेवणारा आणि मुलाला घरी सोडल्यावरही त्याच्यावर नजर ठेवणारा माणूस. रिमांड होम हा शब्द त्या काळापासून मराठीत इतका रुजला, की दारातल्या व्रात्य पोराला धाक घालायला आजही तोच वापरला जातो.

परंतु कायदा झाला आणि काम सुरू झाले, असे घडले नाही. त्याच्या अंमलबजावणीसाठी मुंबईत ‘चिल्ड्रन्स एड सोसायटी’ स्थापन झाली ती १९२७ मध्ये. शासनाचा अधिकार आणि समाजातील जाणत्या माणसांचा सहभाग यांची सांगड या संस्थेने घातली. १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था निघाली आणि या क्षेत्राला प्रशिक्षित माणसे मिळण्याची वाट मोकळी झाली. कायदा १९२४ चा, संस्था १९२७ ची, माणसे त्यानंतरची. हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. बालन्यायाच्या इतिहासात कायदा नेहमी पुढे धावला आहे. त्याच्या मागून संस्था आणि माणसे पोहोचली का, यावर यशापयश ठरले आहे.

अनेक कायद्यांकडून एका कायद्याकडे

प्रांतांच्या पुढाकाराला एक मर्यादाही होती. १९४८ मध्ये मुंबईने जुन्या कायद्याच्या जागी नवा कायदा केला. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, तेव्हा पश्चिम महाराष्ट्राला मुंबईच्या या कायद्याचा वारसा होता, विदर्भाला मध्यप्रांताच्या १९२८ च्या कायद्याचा आणि मराठवाड्याला हैदराबादच्या १९५१ च्या कायद्याचा. देशात तर काही राज्यांत कायदा होता पण लागू केलेला नव्हता. बालक कोणाला म्हणावे, याची वयोमर्यादाही सर्वत्र सारखी नव्हती. एकाच वयाचा मुलगा एका राज्यात बालक ठरावा आणि सीमेपलीकडे कैदी, ही विसंगती होती.

तिला वाचा फोडली ती मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी. देशभरातील तुरुंगांत मुले खितपत पडली आहेत, हे त्यांनी सर्वोच्च न्यायालयापुढे आणले. १९८६ मध्ये न्यायालयाने साऱ्या देशाला एक कायदा असावा, असे मत दिले. त्याच वर्षी संसदेने बाल न्याय अधिनियम संमत केला आणि २ ऑक्टोबर १९८७ पासून तो लागू झाला. मुलग्यांसाठी सोळा आणि मुलींसाठी अठरा अशी वयोमर्यादा त्यात होती. भारताने १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारावर मान्यतेची मोहोर उमटविली आणि २००० च्या नव्या कायद्याने ही मर्यादा मुलगा-मुलगी दोघांनाही अठरा अशी केली.

जम्मू-काश्मीर मात्र याही बाबतीत वेगळे राहिले. तेथील विधानसभेचा स्वतंत्र कायदा होता आणि मुलग्यांची मर्यादा सोळावरून अठरावर न्यायला २०१३ चा नवा राज्य कायदा यावा लागला. २०१९ मधील पुनर्रचनेनंतर देशाचाच कायदा तेथील मुलांनाही लागू झाला. ‘एक देश, एक कायदा’ या सूत्राची चर्चा मोठ्या प्रश्नांच्या संदर्भात होते. परंतु निरीक्षणगृहातल्या मुलालाही त्याचा अर्थ असतो.

वयाचा वाद

डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत घडलेल्या अत्याचाराने देश हादरला. आरोपींपैकी एकाला अठरा पूर्ण व्हायला काही महिनेच उरले होते. बाल न्याय मंडळाने ऑगस्ट २०१३ मध्ये त्याला कायद्याने शक्य असलेली कमाल शिक्षा, म्हणजे तीन वर्षे विशेष गृहात ठेवण्याची शिक्षा दिली. ज्या घरातील मुलगी गेली, त्यांना ती अपुरी वाटली, यात नवल नव्हते. लोकांचा संताप खरा होता. त्याच वर्षी न्यायमूर्ती वर्मा समितीने मात्र वयोमर्यादा कमी करू नये असे सुचविले आणि सर्वोच्च न्यायालयानेही अठराची मर्यादा वैध ठरविली. डिसेंबर २०१५ मध्ये त्या मुलाची मुदत संपली आणि दोनच दिवसांनी, २२ डिसेंबरला, राज्यसभेने नवे विधेयक संमत केले. १५ जानेवारी २०१६ पासून तो कायदा लागू झाला.

या कायद्याविषयी दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत. वय सोळावर आणले, असे काहींना वाटते. अठराखालच्याला काहीच होत नाही, असे इतरांना वाटते. वस्तुस्थिती या दोहोंच्या मधली आहे. बालकाचे वय अठराच राहिले. परंतु सोळा ते अठरा वयोगटातील मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा, म्हणजे किमान सात वर्षांची शिक्षा ठरविलेल्या गुन्ह्याचा आरोप असेल, तर मंडळ त्याचे प्राथमिक मूल्यमापन करते. गुन्हा करण्याची शारीरिक व मानसिक क्षमता त्याच्यात होती का, परिणामांची जाण होती का, कोणत्या परिस्थितीत ते घडले, हे पाहून त्याचा खटला प्रौढाप्रमाणे चालविण्यासाठी बाल न्यायालयाकडे पाठविता येतो. तेथे दोषी ठरला, तरी फाशी नाही आणि सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेपही नाही. एकवीस वर्षांपर्यंत त्याला सुरक्षित स्थळी ठेवायचे आणि एकविसाव्या वर्षी तो सुधारला आहे का, हे पुन्हा तपासायचे. मांडव्यांची मर्यादा आणि समाजाचे संरक्षण या दोहोंना कायद्याने जागा दिली आहे.

परंतु हे मूल्यमापन करायचे कोणी? मुलाच्या मनाचा ठाव घेणे हे कसबी काम आहे. मंडळात बालमानसशास्त्र जाणणारा सदस्य नसेल, तर तज्ज्ञाची मदत घेणे आवश्यक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केले. मोठ्या शहरांत असा तज्ज्ञ मिळेल. पण गडचिरोली, नंदुरबार, हिंगोलीत काय? कायद्यातील एका ओळीचा अर्थ जिल्ह्याजिल्ह्यात बदलतो तो असा.

पुण्याने शिकविलेला धडा

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती असलेल्या भरधाव मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. त्याच दिवशी मंडळाच्या एका सदस्यापुढे त्याला हजर केले गेले आणि अवघ्या काही तासांत जामीन मिळाला. अटींमध्ये अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती. महाराष्ट्र संतापला. तीन दिवसांनी त्याला निरीक्षणगृहात पाठविण्यात आले, आणि २५ जूनला उच्च न्यायालयाने तो ताबाच बेकायदेशीर ठरविला, कारण जामिनाचा आदेश कायम होता. रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपाखाली डॉक्टरांना अटक झाली. मंडळावरील दोन अशासकीय सदस्यांना शासनाने ऑक्टोबर २०२४ मध्ये दूर केले. जुलै २०२५ मध्ये, मुलावर प्रौढाप्रमाणे खटला चालवावा हा पोलिसांचा अर्ज मंडळाने फेटाळला.

या प्रकरणात कायद्यात पळवाट होती, असे सर्रास बोलले गेले. बारकाईने पाहिले, तर चित्र वेगळे दिसते. बालकाला जामीन देणे हा या कायद्याचा सर्वसाधारण नियमच आहे. परंतु सुटकेमुळे मूल वाईट संगतीत जाण्याची वा न्यायाचा हेतू विफल होण्याची शक्यता असेल, तर जामीन नाकारण्याचा अधिकारही त्याच कलमात आहे. सामाजिक चौकशी अहवाल मागविण्याची तरतूद आहे. समुपदेशन, समाजसेवा, पालकांना दंड, परिविक्षा असे अनेक मार्ग मंडळापुढे असतात. आयुधे होती, ती कोणती, कधी आणि कोणाच्या हातून वापरली गेली, हा प्रश्न होता. हे अशासकीय सदस्य नेमते कोण? राज्य शासन. परिविक्षा अधिकाऱ्यांची पदे भरते कोण? राज्य शासन. निरीक्षणगृहे चालविते, तपासते, त्यांना अनुदान देते कोण? तेही राज्य शासनच.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत तुरुंग, सुधारगृहे, बोर्स्टल शाळा आणि तत्सम संस्था हा विषय राज्यांच्या सूचीत आहे. केंद्राच्या कायद्यानेही नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला आहे. त्यानुसार महाराष्ट्राने २०१८ मध्ये आपले नियम केले. बालन्यायाचा खरा कस त्यामुळे संसदेइतकाच, किंबहुना अधिक, मंत्रालयात आणि जिल्ह्याच्या ठिकाणी लागतो. दर मोठ्या गुन्ह्यानंतर दिल्लीकडे पाहून ‘वय कमी करा’ म्हणणे सोपे असते. आपल्या जिल्ह्यातील मंडळ पूर्ण भरलेले आहे का, ते आठवड्यातून किती दिवस बसते, निरीक्षणगृहात समुपदेशक आहे का, हे विचारणे कठीण असते.

दुसऱ्या टोकाचे मूल

मोटारीतले मूल वर्तमानपत्रात येते. परंतु मंडळापुढे येणारी बहुसंख्य मुले त्याच्यासारखी नसतात. देशात दरवर्षी बालकांवर दाखल होणाऱ्या गुन्ह्यांची संख्या सुमारे तीस हजार आहे आणि महाराष्ट्र त्यात वरच्या राज्यांत मोडतो. यातील बहुतेक मुले सोळा ते अठरा या वयोगटातील असतात. शाळा सुटलेली, वडील व्यसनी वा परागंदा, आई चार घरची कामे करणारी, राहायला वस्तीतील दहा बाय दहाची खोली, हे चित्र परिविक्षा अधिकाऱ्यांच्या अहवालांत पुन्हा पुन्हा येते. पुण्यात कोयते नाचविणाऱ्या टोळ्यांत अल्पवयीन मुले दिसली, तेव्हा त्यांच्या हाती कोयता देणारे प्रौढ कोण, हा प्रश्न मागे पडला. अठराखालचा आहे, लवकर सुटेल, असा हिशेब करून मुलांना पुढे करणारा दादा प्रत्येक शहरात आहे.

कायद्याला हा दादा ठाऊक आहे. मुलांचा बेकायदा कामासाठी वापर करणाऱ्या प्रौढाला वा टोळीला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड, अशी तरतूद २०१५ च्या कायद्यात आहे. मुलांना हाताशी धरणाऱ्या सशस्त्र बंडखोर गटांनाही तीच शिक्षा आहे. नक्षलग्रस्त भागात तिचे मोल वेगळे सांगायला नको. मुलांकरवी अमली पदार्थांची ने-आण करविणाऱ्यालाही सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. मुलाला पकडले, की त्याच्यामागच्या माणसावर या कलमांखाली गुन्हा नोंदला गेला का, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारला गेला पाहिजे. वय कमी करण्याने दादाचे काही बिघडत नाही. तो पंधरा वर्षांचा मुलगा शोधील.

पीडितांच्या बाजूचाही विचार हवा. ज्यांचे माणूस गेले, त्या कुटुंबाला मुलाच्या सुधारणेच्या गोष्टी ऐकविणे क्रूरपणाचे ठरते. मुलाची ओळख गुप्त ठेवूनही, प्रकरण कोठवर आले, निर्णय काय झाला, तो का झाला, हे त्या कुटुंबाला सन्मानाने सांगता येते. राज्याने आपल्या नियमांत याची ठोस व्यवस्था करावी, ही मागणी रास्त आहे. न्याय मुलासाठी आहे, तसा त्या घरासाठीही आहे.

समाज काय करू शकतो?

बाल न्याय मंडळात दंडाधिकाऱ्यासोबत दोन समाजकार्यकर्ते असतात आणि त्यांतील एक स्त्री असावी लागते. मुलांच्या आरोग्य, शिक्षण वा कल्याणाच्या कामाचा किमान सात वर्षांचा अनुभव असलेली व्यक्ती तेथे बसू शकते. वस्त्यांमध्ये अभ्यासिका, बालवर्ग, संस्कारवर्ग वर्षानुवर्षे चालविणारे कार्यकर्ते गावोगावी आहेत. या पदांच्या जाहिराती निघतात, तेव्हा अशी अनुभवी माणसे अर्ज करीत नाहीत आणि मग नेमणुकांविषयी तक्रार करतात, हे योग्य नव्हे. न्यायासन रिकामे ठेवून न्यायाची अपेक्षा करता येत नाही.

निरीक्षणगृहातील मुलाला सुतारकाम, वीजजोडणी, दुचाकी दुरुस्ती शिकविणारा माणूस हवा असतो. तेथून बाहेर पडलेल्या मुलाला कामावर ठेवणारा दुकानदार हवा असतो. बालपणीच्या दोषसिद्धीमुळे कोणतीही अपात्रता चिकटू नये, असे कायदा म्हणतो. मात्र प्रौढाप्रमाणे खटला चालून दोषी ठरलेल्याला ही सवलत नाही. कायद्याने पुसलेला डाग समाजाने पुन्हा लावायचा नसतो. मुलाचे नाव, छायाचित्र, शाळा उघड करणे हा गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद वा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले छायाचित्र पुढे पाठविणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांनी हे लक्षात ठेवावे.

शेवटी घर. सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती मोटारीची किल्ली देणारे घर आणि तेरा वर्षांच्या मुलाला रात्री अकरापर्यंत नाक्यावर सोडणारे घर, दोहोंत अंतर पैशाचे आहे, दुर्लक्षाचे नाही. पहिल्या घरात ‘नाही’ म्हणणारे कोणी नसते. दुसऱ्या घरात ‘कोठे होतास?’ म्हणून विचारायला कोणी जागे नसते. शेजारी, शिक्षक, गणेशमंडळातील ज्येष्ठ हे प्रश्न पूर्वी विचारीत असत. लोकांच्या मुलांना बोलायचे नाही, असा आता शिष्टाचार झाला आहे, आणि ती जागा दादाने घेतली आहे.

विशेष गृहात मुलाला ठेवण्याची मुदत अधिकाधिक तीन वर्षांची असते. त्या तीन वर्षांत त्याच्याशी कोण बोलले, त्याला कोणते काम शिकविले गेले, त्याच्या आईला भेटायला येण्याचे भाडे कोणी दिले आणि सुटण्याच्या दिवशी फाटकाबाहेर त्याची वाट पाहत कोण उभे होते, घरचे माणूस की टोळीचे, यावरच पुढे सारे अवलंबून असते. तेथे कोण उभे राहील, हे कायदा ठरवू शकत नाही.